संसार, सुई व मिस्सा

(जुबिली वर्षानिमित्त धर्मग्रामातील भगिनींच्या सभेत दिलेले व्याख्यान)



जुबिलीच्या वर्षी व्याख्यान द्यावयाचे म्हणजे मंदिराच्या पायाभरणीपासून आरंभ करावा, अशी रीत आहे. ते काम मजहून अधिक जाणती माणसे करीत आहेत. मी आज जो विषय घेतला आहे तो लहान आहे, आणि कित्येकांना तो सभेत बोलण्याजोगाही वाटणार नाही. विषय असा की, उपवासकाळ व पुनरुत्थानाचा सण ह्यांच्या ऐन धांदलीत ख्रिस्ती गृहिणीने आपल्या हातातील कलेचे काय करावे?

वसंत म्हटला की कवीला आंब्याचा मोहोर आठवतो. आपल्या वसईकडील घरकरणीला मात्र कामांची रांग आठवते. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लागते आणि त्याच सुमारास उन्हाचा ताव चढू लागतो. मुलांच्या परीक्षा तोंडावर येतात. मिरच्या वाळवून वर्षाचा मसाला करावयाचा असतो. पापड व सांडगे उन्हात घालावयाचे असतात. वाडीत पाणी कमी पडू लागते. शुक्रवारी क्रुसाची वाट, रविवारी मिस्सा, आणि मध्यंतरी प्रवचने. उपवासकाळात लग्ने लागत नाहीत. म्हणून ती सण होताच दाटीने येतात, आणि त्यांची सारी तयारी उपवासकाळातच उरकावी लागते. शिवाय आज आपल्यातील अनेक भगिनी पहाटेची लोकल धरून मुंबईस नोकरीला जातात. ज्या स्त्रीच्या हाती भरतकाम आहे, क्रोशाची सुई आहे, जी जुनी लग्नगीते जाणते वा चार ओळी लिहू शकते, ती ह्या दिवसांत पहिली काट कशावर मारते? आपल्या ह्याच गोष्टीवर. कोणी म्हणते, आधी घर, मग देव, उरलाच वेळ तर सुई. कोणी अधिक भाविकपणे म्हणते, आधी देव, मग घर, उरलाच वेळ तर सुई. दोन्ही रांगांत सुई तिसरी, आणि तिसऱ्याची पाळी कधी येतच नाही!

ह्या विषयावर केवळ उपदेश करण्यापेक्षा एका स्त्रीचे चरित्र, आणि त्यातूनही तिचा एकच वसंत, आपणापुढे ठेवावा असे मला वाटले. ही स्त्री म्हणजे संत झेली मार्तिन. बाळ येशूची संत तेरेझा आपल्या घराघरांत परिचित आहे. १९२७ साली परमगुरुस्वामींनी तिला संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्याबरोबरीने मिशनकार्याची आश्रयदाती म्हणून घोषित केले, हेही आपण जाणतो. परंतु तिची माता आपल्या हातांनी काय करीत असे, हे विचारल्यास उत्तर देणारे थोडेच निघतील.

झेलीबाईंचा जन्म १८३१ चा. फ्रान्स देशातील नॉर्मंडी प्रांतात आलांसों म्हणून एक शहर आहे. तेथे त्या वाढल्या. मठात जाऊन सेविका व्हावे अशी त्यांची इच्छा होती; मठाच्या वरिष्ठ भगिनींनी नकार दिला. आता पोटापाण्यासाठी काय करावे, ह्या विवंचनेत त्यांनी पवित्र मरियेची प्रार्थना केली, आणि ८ डिसेंबर १८५१ रोजी, निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाच्या दिवशी, आलांसोंची लेस हेच तुझे काम, अशी स्पष्ट प्रेरणा त्यांच्या अंतःकरणात झाली. प्रार्थना केली ती उदरनिर्वाहासाठी, आणि उत्तरादाखल मिळाली ती एक कला, ही गोष्ट कृपा करून ध्यानात ठेवावी.

आता ही लेस म्हणजे काय, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. नाहीतर चार टाके घालण्याचा विरंगुळा, अशी आपली समजूत व्हावयाची. आलांसोंची लेस सर्वस्वी सुईने होते. तिला ना माग, ना कसले यंत्र. १६६५ साली चौदाव्या लुई राजाचा मंत्री कोल्बेर ह्याने तेथे ह्या कामाचा राजकीय कारखाना स्थापन केला. प्रथम नक्षी चर्मपत्रावर काढून तिच्या रेषांवर सुईने छिद्रे पाडतात. मग त्या रेषांवरून धागा बसवितात, मग मधली बारीक जाळी विणतात, मग फुलापानांचे भराव, मग कडांचा उठाव. काम पुरे झाले की लेस व चर्मपत्र ह्यांच्यामध्ये पाते सरकवून टाके कापतात आणि लेस सोडवून घेतात. उरलेले धाग्यांचे तुकडे एकेक करून वेचतात. आणि शेवटी शेवंडीच्या नांगीने घासून भराव गुळगुळीत करतात. (समुद्रकाठच्या भगिनींना शेवंडीचा हा उपयोग नवा वाटेल!) एका चौरस सेंटिमीटरला, म्हणजे आपल्या नखाएवढ्या जागेला, सुमारे सात तास लागतात, आणि हात पुरता तयार होण्यास सात ते दहा वर्षे. युनेस्को ह्या जागतिक संस्थेने २०१० साली ही कला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घातली.

१८५३ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षाच्या सुमारास, झेलीबाईंनी ह्या लेसचा स्वतःचा व्यवसाय मांडला. कामकरी स्त्रिया आपापल्या घरी एकेक तुकडा करीत. कोणी जाळी, कोणी भराव. आणि गुरुवारी ते तुकडे झेलीबाईंच्या घरी आणून देत. त्या तुकड्यांतील उणे दुरुस्त करणे व सांधा दिसणार नाही अशा रीतीने ते एकमेकांस जोडणे, हे सर्वांत नाजूक काम झेलीबाई स्वतः खिडकीशी बसून करीत. १८५८ साली घड्याळजी लुई मार्तिन ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. नऊ अपत्ये झाली. त्यांपैकी दोन मुलगे तान्हेपणीच गेले. पाच वर्षांची एलेन १८७० च्या फेब्रुवारीत गेली. आणि त्याच वर्षी एक तान्ही मुलगी, दाईने नीट न पाजल्यामुळे, त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. इतक्या दुःखानंतर २ जानेवारी १८७३ रोजी नववे अपत्य जन्मले. तीच आपली तेरेझा.

आणि आता तो वसंत. त्या वर्षी राखेचा बुधवार २६ फेब्रुवारीस आला. त्या काळी उपवासकाळ आजच्यासारखा सौम्य नव्हता. दिवसाकाठी एकच पूर्ण जेवण, असा नियम होता. बाळाला आतड्याचा विकार जडला होता आणि मातेला दूध नव्हते. मार्च महिन्यात एके दिवशी वैद्यांनी स्पष्ट सांगितले की, ह्या मुलीला तत्काळ अंगावरचे दूध मिळाले तरच ती जगेल. लुई त्या रात्री घरी नव्हते. उजाडता उजाडता झेलीबाई एकट्या पायी निघाल्या, आणि सुमारे आठ किलोमीटर दूर असलेल्या सेमाले नामक खेड्यात रोझ ताये ह्या ओळखीच्या शेतकरीणबाईंकडे गेल्या. रोझबाईंचे स्वतःचे मूल अंगावर पीत होते. घरधन्याची संमती नव्हती. तरी ती बाई आली. तिने बाळाकडे पाहिले आणि मान हलविली, की येण्यात काही अर्थ नव्हता. झेलीबाई माडीवर गेल्या, संत योसेफाच्या पायांशी गुडघे टेकले, आणि मूल बरे व्हावे हे मागितले. देवाला ते न्यावयाचेच असेल तर त्याच्या इच्छेलाही मान तुकविली. त्या सहसा रडत नसत. त्या दिवशी रडल्या, असे त्यांनीच पत्रात लिहिले आहे. खाली जावे की न जावे, हेही त्यांना सुचेना. अखेर त्या खाली आल्या, तो बाळ रोझबाईंच्या अंगाशी लागून जोराने पीत होते. थोड्या वेळाने ते निपचित पडले, श्वासही दिसेना. आणि सुमारे पाव तासानंतर डोळे उघडून हसले.

ह्यानंतर रोझबाई आठवडाभर राहिल्या आणि मग बाळाला सेमाले येथे घेऊन गेल्या. ज्या मातेने दाईकडे ठेवलेले एक मूल तीन वर्षांपूर्वी गमावले होते, तिने पुन्हा आपले मूल दुसऱ्या स्त्रीच्या हाती दिले! हा महिना संत योसेफाचा होता, हे आपण विसरू नये.

तेवढ्यात एप्रिल उजाडला, आणि तेरा वर्षांची थोरली मुलगी मरी विषमज्वराने अंथरुणास खिळली. १३ एप्रिलला ईस्टर. धाकटी पोलीन ल मां येथील मठाच्या शाळेत होती; तिला संसर्ग होऊ नये म्हणून सणासाठी घरी आणता आले नाही. एक मूल खेड्यात, एक मठात, एक तापात, दोन लहानग्या घरात. अशा स्थितीत त्या घराने पुनरुत्थानाचा सण पाहिला. ५ मे रोजी लुई मार्तिन मरीसाठी उपाशीपोटी दूरच्या एका टेकडीपर्यंत पायी यात्रेस गेले. मरी हळूहळू बरी झाली.

आणि लेस? लेस थांबली नव्हती. त्या वसंतातील एका पत्रात फार गोड हकीकत आहे. रोझबाई तेरेझाला घेऊन आलांसोंला आल्या होत्या. बाळ आईकडे राहीना, रडू लागले. परंतु लेसचे काम घेऊन आलेल्या कामकरी स्त्रियांकडे ते आनंदाने गेले, एकीकडून दुसरीकडे फिरले. कारण त्यांची खेडवळ वस्त्रे रोझबाईंसारखी होती. उंची पोशाखातील एक बाई आली तेव्हा मात्र त्याने किंकाळी फोडली. मला ही हकीकत मोलाची वाटते. झेलीबाईंचे घर व झेलीबाईंचे काम ह्यांच्यामध्ये भिंत नव्हती. तुकडे घेऊन आलेल्या बायकांच्या हातांत त्यांचे मूल होते, आणि त्या बायकांचे हिशेब त्यांच्या हातांत.

येथपर्यंत ऐकून एखादी भगिनी मनात म्हणेल की, त्या संत होत्या, त्यांना सारे साधले. आम्ही साध्या बायका. म्हणून त्यांच्या पत्रांतील दुसरी बाजूही सांगणे मला आवश्यक वाटते. त्यांची दोनशेहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत. खिडकीशी बसून लेस जोडण्याइतके सुख मला कशात नाही, अशा अर्थाचे वाक्य त्यांत आहे. आणि ह्या लेसपायी माझे जिणे कठीण झाले आहे, मागण्या वाढल्या की मी निव्वळ गुलाम होते, अशा अर्थाचेही आहे. उपवासकाळाविषयी तर त्या लिहितात की, उपास मला फार जड जातो, हा काळ लवकर संपेल म्हणून बरे. हे वाचून मला प्रथम हसू आले आणि मग धीर आला. कुरकुर करीत का होईना, पण त्यांनी तिन्हींपैकी एकही गोष्ट सोडली नाही. आणि तिन्हींचे वजन तराजूत सारखे करण्याचा खटाटोपही केला नाही. बाळ मरणाच्या दारी होते त्या पहाटे त्या लेस घेऊन बसल्या नाहीत, चालत निघाल्या. कामकरी स्त्रिया दारात आल्या तेव्हा त्यांना प्रार्थनेच्या सबबीवर परत पाठविले नाही. मार्तिन दांपत्य नित्य पहाटे साडेपाचच्या मिस्सेला जात असे. ती कष्टकऱ्यांची मिस्सा होती. ज्या वेळी जे समोर आले ते त्यांनी देवाने पाठविले म्हणून हाती घेतले.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. त्यांच्या घरी मोलकरीण होती, दाई होती. आमच्या घरी कोण? हे खरेच आहे, आणि म्हणूनच आता मला मागील बाकांकडे वळावे लागते. बंधूंनो, लुई मार्तिन हे कुशल घड्याळजी होते. त्यांचे स्वतःचे दुकान होते, जवाहिराचा व्यापार होता. १८७० साली त्यांनी ते दुकान आपल्या पुतण्यास विकले आणि पत्नीच्या व्यवसायात मदतनीस झाले. मागण्या मिळविण्यासाठी पॅरिसला जाणे, हिशेब पाहणे, ही कामे त्यांनी अंगावर घेतली. एकोणिसाव्या शतकात पुरुषाने बायकोच्या सुईसाठी आपले दुकान सोडले! आपणांस दुकान सोडावयास कोणी सांगत नाही. परंतु उपवासकाळात मांस वर्ज्य केल्याचे पुण्य जितक्या अभिमानाने सांगितले जाते, तितक्याच मुकाट्याने आठवड्यातील एका सायंकाळचा स्वयंपाक व मुलांचा अभ्यास आपण हाती घेतला, तर माझ्या अल्पमतीप्रमाणे तो उपासही देवाच्या दरबारी मोजला जाईल.

बाकीची कथा थोडक्यात. १८६५ च्या सुमारासच झेलीबाईंना स्तनात गाठ जाणवली होती. १८७६ साली वैद्यांनी हात टेकले. १८७७ च्या जून महिन्यात त्या लूर्डला गेल्या. आरोग्य मिळाले नाही. २८ ऑगस्ट १८७७ रोजी, पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. दुखणे हाडांपर्यंत पोहोचेतो त्यांनी काम केले. एवढे कष्ट त्यांनी उपसावयास हवे होते काय? प्रामाणिकपणे सांगावयाचे तर, नव्हते. गाठीकडे वेळीच लक्ष दिले जाते तर पाच मुलींना आई अधिक काळ लाभतीही. संतांच्या प्रत्येक गोष्टीचे अनुकरण करावे असे धर्मसभा शिकवीत नाही. आणि ज्या भगिनी घरच्या कामापायी स्वतःचे दुखणे अंगावर काढतात, त्यांनी हा भाग विशेष लक्षपूर्वक ऐकावा. १८ ऑक्टोबर २०१५ रोजी परमगुरुस्वामी फ्रान्सिस ह्यांनी झेली व लुई ह्या पतिपत्नींना एकाच विधीत संतपद दिले.

आता आपल्या धर्मग्रामाविषयी दोन शब्द. मंदिरात गेल्यावर वेदीवरील वस्त्राची किनार पाहावी. ती कोणाच्या तरी हातची आहे. झावळ्यांच्या रविवारी जी पाने आपण विणतो ती कोणीतरी कोणाला शिकविली आहे. लग्नघरी जी गाणी ऐकू येतात ती कोणत्याही पुस्तकापूर्वी कोणा आजीच्या मुखी होती. प्रेषितांची कृत्ये ह्या पुस्तकात यापो गावच्या तबिथाची कथा आहे. ती वारली तेव्हा विधवा स्त्रियांनी संत पेत्राला तिच्या प्रार्थना सांगितल्या नाहीत. तिने शिवलेले अंगरखे व वस्त्रे काढून दाखविली, आणि रडल्या. पेत्राने ती वस्त्रे पाहिली आणि मग गुडघे टेकले.

माझी सूचना अगदी व्यवहारी आहे. उपवासकाळात आपण बहुधा काहीतरी सोडण्याचा नेम करतो. जिच्या हाती कला आहे तिने ह्या वर्षी एक गोष्ट धरण्याचा नेम करावा: आठवड्यातून एक तास, ठरलेला, घरातील सर्वांना ठाऊक असलेला. झेलीबाईंचा गुरुवार होता. आपला कोणताही वार असो. धर्मग्रामाच्या सभागृहात एक खोली दुपारी रिकामी असते. तेथे आठ-दहा जणी आपापले काम घेऊन बसल्या, थोरल्यांनी गाणी सांगितली, तरुणींनी ती लिहून घेतली, आणि उठण्यापूर्वी जपमाळेचे एक दशक म्हटले, तर त्यात फादरांची परवानगी मिळण्यास अडचण येईल असे मला वाटत नाही. (फादर मान हलवीत आहेत; ती होकाराची आहे असे मी धरते.) पापड त्या दिवशी उद्यावर गेले तर जाऊ द्यावेत. आजारी माणूस मात्र उद्यावर जाता कामा नये. एवढा विवेक झेलीबाईंनाही होता आणि तो आपल्यालाही आहे.

त्या वसंताचे पुढे काय झाले, हे विचारण्यासाठी काही भगिनी उत्सुक दिसतात. तेरेझा सेमाले येथे वर्षभर राहिली. रोझबाईंची गाय, शेत, ऊन, वारा ह्यांत ती चांगली धष्टपुष्ट झाली. २ एप्रिल १८७४ रोजी ती कायमची घरी आली. तो पवित्र आठवड्यातील गुरुवार होता. आईने तिच्यासाठी कपडे आधीच तयार करून ठेवले होते: आकाशी रंगाचा झगा, निळे जोडे, निळा पट्टा आणि पांढरी टोपी.